धांवण्याची नोंद ठेवणारें अ‍ॅप कसें निवडावें ?

महाराष्ट्रांत धांवण्याची आवड नवी नाहीं. परंतु तिला जें सार्वजनिक स्वरूप आलें आहे तें बरेंच अलीकडचें आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ सालीं सुरू झाली, मुंबईची २००४ सालीं, आणि साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ सालीं. नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याच्या कविता राऊत यांनीं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत दहा हजार मीटर धांवून कांस्यपदक मिळविलें. माण तालुक्यांतील मोहीच्या ललिता बाबर २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकमध्यें अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीपर्यंत पोंचल्या. आणि बीड जिल्ह्यांतील मांडव्याच्या अविनाश साबळे यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅमला त्याच प्रकारांत रौप्यपदक घेतलें. खेड्यापाड्यांतून आलेल्या या धांवपटूंचीं नांवें मुलांच्या तोंडीं असावीं, आणि त्यांनींही बूट चढवून पहाटे बाहेर पडावें, हें योग्यच आहे. पण बुटांच्या मागोमाग हल्लीं दुसरा एक प्रश्न येतो. धांवण्याची नोंद ठेवण्यासाठीं फोनमध्यें कोणतें अ‍ॅप घ्यावें, असें मुलें विचारतात. आणि तें घेऊं द्यावें कीं नाहीं, असें त्यांचे आईबाप विचारतात. दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच लेखांत देण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम हें पाहूं कीं, असें अ‍ॅप वस्तुतः करतें काय. त्याच्या चित्रविचित्र पडद्यामागें कामें दोनच असतात : वेळ मोजणें आणि जागा टिपणें. जागांवरून अंतर निघतें, अंतर व वेळ यांवरून गति निघते, आणि एकामागून एक जागा जोडल्या म्हणजे नकाशावर रेघ उमटते. बाकीचीं पदकें, ढाली, शाबासकीचे आवाज आणि रंगीत आलेख हा सारा या दोन गोष्टींवर चढविलेला साज आहे. धांवणाऱ्यांमध्यें गति सांगण्याची रीत मात्र शाळेंतील गणिताच्या उलट आहे. तासाला किती किलोमीटर असें न म्हणतां एका किलोमीटरला किती मिनिटें असें ते म्हणतात, व त्यास 'पेस' हें नांव आहे. सहाचा पेस म्हणजे ताशीं दहा किलोमीटर. आंकडा लहान झाला कीं धांव वेगवान झाली, हें नवख्यानें ध्यानांत ठेवावें. नाहीं तर प्रगति झाली असतां तो खंत करीत बसेल.

वेळ मोजणें फोनला सोपें आहे. कठीण आहे ती जागा. ती त्यास कळते अमेरिकेनें उभारलेल्या जीपीएस या उपग्रहमालेमुळें. ही माला १९९५ सालीं पूर्णपणें कार्यक्षम झाली. आरंभीं सामान्य लोकांच्या वाट्यास येणाऱ्या संकेतांत मुद्दाम थोडा घोळ मिसळलेला असे. तो २००० सालच्या मे महिन्यांत काढून टाकण्यांत आला. तो तसाच राहिला असता तर धांवण्याच्या अ‍ॅपाची गोष्टच निघाली नसती. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बेइदू या अशाच माला आहेत, आणि आपल्या देशानेंही 'नाविक' ही प्रणाली उभारली आहे. पुष्कळ फोन एकापेक्षां अधिक मालांचे संकेत एकाच वेळीं ऐकतात.

'ऐकतात' हा शब्द आम्हीं जाणूनबुजून योजिला आहे. फोन उपग्रहाकडे कांहींच पाठवीत नाहीं. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून उपग्रह 'मी अमुक ठिकाणीं आहें व माझ्या घड्याळांत अमुक वेळ झाली आहे' एवढाच पुकारा अखंड करीत असतो. हा पुकारा प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदाला सुमारें तीन लक्ष किलोमीटर या वेगानें, खालीं येतो. त्यास सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. हा विलंब मोजला कीं उपग्रह किती दूर आहे तें कळलें. एका उपग्रहाचें अंतर कळल्यास आपण त्याच्याभोंवतीं कल्पिलेल्या एका गोलावर कोठें तरी आहों. दोन कळल्यास त्या दोन गोलांच्या छेदाच्या वर्तुळावर. तीन कळल्यास दोन बिंदूंपैकीं एकावर, आणि त्यांतील एक पृथ्वीपासून दूर अवकाशांत पडत असल्यानें तो सोडून देतां येतो. मग चौथा उपग्रह कशाला ? तर घड्याळासाठीं. उपग्रहावर अणुघड्याळें असतात. फोनमधील घड्याळ स्वस्त. सेकंदाच्या दशलक्षांशाइतकी चूक त्यांत झाली तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक होते. म्हणून आपल्या घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशि मानून फोन चार उपग्रहांवरून चार समीकरणें मांडतो आणि सोडवितो. एकसामयिक समीकरणांचा पुढें उपयोग काय, असें वर्गांत दरवर्षीं कोणी तरी विचारतोच; त्यास हें एक उत्तर.

उपग्रह आपल्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनीं पुनः पुनः सांगतो. तो ऐकून घेतल्याखेरीज फोनचें काम सुरू होत नाहीं. इंटरनेट चालू असल्यास हा तपशील त्यास तिकडून लवकर मिळतो. नसल्यास उघड्यावर अर्धा-एक मिनिट, कधीं त्याहूनही अधिक, स्वस्थ उभें राहावें लागतें. बटण दाबतांच धांवत सुटणाऱ्यांच्या नोंदींत आरंभींचे शंभर-दोनशें मीटर गडबडलेले दिसतात तें यामुळें. तेवढ्या वेळांत हातपाय मोकळे करून घ्यावे.

एवढें करूनही उघड्या आकाशाखालीं फोनची जागा साधारण ५ मीटरांच्या आंतबाहेर येते, अगदीं नेमकी येत नाहीं. या लहानशा चुकीचा परिणाम अंतरावर कसा होतो तें पाहण्यासारखें आहे. समजा, एक मुलगी सरळ रस्त्यानें सेकंदाला ३ मीटर या वेगानें धांवत आहे आणि अ‍ॅप दर सेकंदास एक बिंदु टिपीत आहे. बिंदु एकदां अर्धा मीटर डावीकडे व एकदां अर्धा मीटर उजवीकडे पडला, तर लागोपाठच्या दोन बिंदूंमधील अंतर ३ मीटर राहत नाहीं. ज्याच्या बाजू ३ व १ आहेत अशा काटकोन त्रिकोणाचा तो कर्ण होतो. म्हणजे १० चें वर्गमूळ, ३.१६ मीटर. किलोमीटरभर हाच क्रम चालल्यास १००० मीटरांचे १०५४ मीटर भरतात. मुलगी सरळ धांवली. अ‍ॅपाच्या मतें ती नागमोडी धांवली. चांगलें अ‍ॅप असे वांकडेतिकडे बिंदु ओळखून रेघ सरळ करून घेतें. अ‍ॅपा-अ‍ॅपांतील खरा फरक येथें आहे, पडद्याच्या रंगांत नाहीं. आणि एकाच फोनवर दोन अ‍ॅपें लावलीं असतां दोन निरनिराळीं अंतरें निघतात त्याचें कारणही हेंच.

उलट, वळणावर अंतर कमी भरतें. बॅटरी वांचविण्यासाठीं एखादें अ‍ॅप दर दहा सेकंदांनीं बिंदु टिपीत असेल तर तें कंसाऐवजीं जीवा मोजतें. चारशें मीटरांच्या धांवपट्टीच्या वळणावर ३० मीटरांच्या कंसाची जीवा सुमारें २९.२ मीटर येते. शहरांतील उंच इमारतींच्या गल्लींत संकेत भिंतीवर आपटून लांबच्या वाटेनें फोनपर्यंत पोंचतो, दाट झाडीखालीं तो दुबळा होतो, आणि घाटांत एका बाजूचा कडा अर्धें आकाशच झांकून टाकतो. मग नकाशावर धांवणारा मनुष्य घरांच्या भिंतींतून आरपार गेलेला, क्वचित् खाडींत उतरलेलाही दिसतो. दोन वारंवारतांवर संकेत ऐकणारे फोन २०१८ पासून बाजारांत आले आहेत. त्यांत हा दोष पुष्कळ कमी असतो. तात्पर्य, अ‍ॅपाच्या माथीं मारलेला दोष बरेचदां फोनचा असतो.

मॅरेथॉन पुरी करून आलेले कित्येक लोक 'आमच्या फोनांत अंतर जास्त भरलें, मार्गच लांब होता' अशी तक्रार करतात. वस्तुस्थिति अशी आहे कीं, प्रमाणित शर्यतीचा मार्ग फोननें मोजीतच नाहींत. पोलादी टेपनें मोजून घेतलेल्या सरळ टप्प्यावर सायकल फिरवून तिच्या चाकाचें माप पक्कें करतात, आणि मग त्या सायकलनें, धांवणाऱ्यास शक्य अशा जवळांतल्या जवळ वाटेनें, सारा मार्ग मोजतात. त्यांतही तो आंखूड पडूं नये म्हणून किलोमीटरमागें एक मीटर अधिक धरतात, ४२.१९५ किलोमीटरांस सुमारें ४२ मीटर. वळणें बाहेरून घेणारा आणि गर्दींतून वाट काढणारा मनुष्य याहून अधिक धांवतोच. त्यांत फोनच्या नागमोडी रेघेची भर पडते. बर्मिंगहॅमच्या त्या शर्यतींत साबळे यांची वेळ ८ मिनिटें ११.२० सेकंद होती आणि केनियाच्या विजेत्याची ८ मिनिटें ११.१५ सेकंद. अशा ठिकाणीं फोनचें काम नाहीं.

याचा अर्थ फोनचा आंकडा निरुपयोगी, असा मात्र कोणीं करूं नये. स्वतःची स्वतःशीं तुलना करण्यास तो उत्तम आहे. तोच रस्ता, तोच फोन आणि तेंच अ‍ॅप असेल तर चूक दररोज जवळ जवळ सारखीच राहते, आणि महिन्याभरांत झालेली सुधारणा खरी असते. दोन मित्रांनीं दोन फोनांवरून वाद घालणें तेवढें व्यर्थ.

आतां ज्या मुद्द्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला त्याकडे वळूं. अ‍ॅपानें टिपलेली रेघ जाते कोठें ? स्ट्राव्हा नांवाचें या वर्गांतील अतिशय लोकप्रिय अ‍ॅप २००९ पासून आहे. त्याच्या चालकांनीं २०१७ च्या नोव्हेंबरांत आपल्या सर्व सभासदांच्या रेघा एकत्र करून जगाचा एक नकाशा प्रसिद्ध केला. कोणाचेंही नांव त्यांत नव्हतें. जेथें पुष्कळ लोक धांवतात तेथें उजेड, जेथें कोणी धांवत नाहीं तेथें अंधार, एवढेंच त्याचें स्वरूप होतें. दोन महिन्यांनीं, २०१८ च्या जानेवारींत, ऑस्ट्रेलियांतील एका विद्यार्थ्याच्या ध्यानांत आलें कीं, सीरिया, अफगाणिस्तान अशा देशांतील ओसाड काळोख्या भागांत मध्येंच लहान लहान उजळ चौकोन व वळसे दिसत आहेत. ते विदेशी लष्करी तळ होते. तळाच्या कुंपणाच्या आंतून सकाळ-संध्याकाळ धांवणाऱ्या सैनिकांनींच, नकळत, आपल्या तळाची आकृति जगापुढें काढून ठेविली होती. सैन्याच्या शिस्तींत वाढलेल्या माणसांची ही गत. मग शाळेंतल्या मुलांची काय कथा?

मुलाच्या रेघेंत तर याहूनही साधी गोष्ट लिहिलेली असते. ती रेघ घराच्या दारांत सुरू होते आणि दारांतच संपते. अमुक मुलगी सोमवारीं, बुधवारीं व शुक्रवारीं पहाटे साडेपांचला एकटी निघते, तळ्याच्या मागच्या निर्मनुष्य वाटेनें वळसा घालते आणि सहा वाजतां परत येते, हें दोन आठवड्यांच्या नोंदींवरून कोणाही अनोळखी माणसास कळेल. तिचें छायाचित्र व शाळेचें नांव वर लिहिलेलेंच असतें. आम्ही कोणास भय घालूं इच्छीत नाहीं. परंतु घराच्या दारावर जें वेळापत्रक आपण चिकटविणार नाहीं तें फोनमधून साऱ्या जगास वांटूं नये, एवढें तरी कोणीही मान्य करील.

म्हणून अ‍ॅप निवडतांना पहिली परीक्षा ही कीं, तें खातें न उघडतां चालतें काय ? चालत असेल तर उत्तम. खातें लागतच असेल तर माझी नोंद कोणीं पाहावी हें ठरविण्याची सोय त्यांत आहे काय, आणि तेथें 'फक्त मी' असें निवडतां येतें काय, हें पहिल्या धांवेच्या आधीं पाहून घ्यावें. पुष्कळ अ‍ॅपांत आपण कांहींच न निवडल्यास नोंद खुली राहते. स्ट्राव्हामध्यें रेघेचा आरंभ व शेवट १.६ किलोमीटरपर्यंत इतरांपासून लपवितां येतो. ही सोय चांगली आहे, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. संपर्कयादी, कॅमेरा व मायक्रोफोन यांची परवानगी अ‍ॅप मागूं लागलें तर ती नाकारावी; धांवण्याशीं त्यांचा कांहीं संबंध नाहीं. आणि इतरांपासून लपविलेली गोष्ट कंपनीपासून लपत नाहीं, हेंही विसरूं नये. मायफिटनेसपाल या आहाराची नोंद ठेवणाऱ्या अ‍ॅपाच्या सुमारें पंधरा कोटि खात्यांची माहिती २०१८ सालीं चोरीस गेली होती. जेथें माहितीचा सांठा तेथें चोरीचा संभव हा राहणारच.

आपल्या देशांत २०२३ सालीं झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येकास बालक मानलें आहे, व बालकाची माहिती घेण्यास आईबापांची पडताळतां येईल अशी संमति हवी, अशी तजवीज त्यांत केली आहे. तेव्हां खोटें जन्मवर्ष घालून खातें उघडणाऱ्या मुलानें आपलें संरक्षण आपल्याच हातानें टाकून दिलें असें होतें. पालकांनींही 'हो' म्हणून मोकळें होऊं नये. मुलाजवळ बसून वरील दोन-तीन गोष्टी एकत्र पाहाव्या. दहा मिनिटांचें काम आहे. आणि मूल कोठें आहे हें आईस कळावें एवढाच हेतु असेल तर त्यासाठीं नवें अ‍ॅप नकोच. व्हॉट्सअ‍ॅपवरून आपलें चालतें स्थान पंधरा मिनिटें, एक तास अगर आठ तास एकाच व्यक्तीस दाखवितां येतें, व मुदत संपतांच तें बंद होतें.

पैशांविषयीं फारसें लिहावयास नको. वेळ, अंतर व रेघ या तीन गोष्टी बहुतेक ठिकाणीं फुकट मिळतात. वर्गणी मागतात ती आलेखांसाठीं, तुलनेच्या कोष्टकांसाठीं व सरावाच्या वेळापत्रकांसाठीं. शाळकरी मुलास त्यांतील कशाचीही गरज नाहीं. परंतु फुकट म्हणून घेतलेलें अ‍ॅप सदैव राहील असें नव्हे. एन्डोमोन्डो हें डेन्मार्कमध्यें जन्मलेलें फार नांवाजलेलें अ‍ॅप होतें; २०१५ सालीं एका अमेरिकन कपड्यांच्या कंपनीनें तें विकत घेतलें आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं तें बंद झालें. ज्यांनीं आपल्या नोंदी वेळेवर काढून घेतल्या त्यांच्या राहिल्या. म्हणून दुसरी परीक्षा ही कीं, आपली नोंद जीपीएक्स नांवाच्या फाइलींत बाहेर काढतां येते काय ? ही फाइल कोणत्याही एका कंपनीच्या मालकीची भाषा बोलत नाहीं. एका अ‍ॅपांतून काढलेली दुसऱ्यांत घालतां येते.

'जळलेल्या कॅलरी' म्हणून जो आंकडा अ‍ॅप दाखवितें त्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. तो मोजलेला नसतो, अंदाजलेला असतो. धांवण्यांत शरीराच्या दर किलोग्रॅममागें दर किलोमीटरला सुमारें एक किलोकॅलरी खर्च होते असा ढोबळ ठोकताळा आहे. त्यावरून ४५ किलोच्या मुलास ३ किलोमीटरांत १३५ च्या आसपास. एवढी ऊर्जा दीड-दोन पोळ्यांतून परत येते. वाढत्या वयाच्या मुलांनीं, आणि विशेषतः मुलींनीं, हा आंकडा पाहून जेवण कमी करूं नये. तो दाखविण्याचें बंद करतां येत असेल तर अवश्य करावें. दररोज दहा हजार पावलांचा जो मंत्र पालकवर्गांत ऐकूं येतो त्याचें मूळही प्रयोगशाळेंत नाहीं. १९६५ सालीं जपानांत पावलें मोजण्याचें एक यंत्र विक्रीस आलें, त्याचें नांवच 'दहा हजार पावलांचें माप' अशा अर्थाचें होतें. तेथून तो आंकडा जगभर गेला. चालणें चांगलें, यांत शंका नाहीं. पण नऊ हजारांवर थांबलेल्या मनुष्यानें रात्रीं अंगणांत फेऱ्या घालीत बसण्याचें कारण नाहीं.

तसाच प्रकार 'सलग दिवसांच्या साखळी'चा. पुष्कळ अ‍ॅपें रोज धांवल्यास पदक देतात आणि एक दिवस चुकला कीं साखळी तुटल्याचें दुःखद वर्तमान कळवितात. पायांच्या नळ्या दुखत असतां केवळ ती साखळी तुटूं नये म्हणून धांवणारीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. विसांव्याचा दिवस हा सरावाचाच भाग आहे. करिंथ नगराजवळच्या प्राचीन खेळांत विजेत्यास पाल्याचा मुकुट मिळे, व पौलानें तेथील मंडळीस लिहितांना त्याच शर्यतींचा दृष्टान्त घेतला. अ‍ॅपांतलें पदक तर पाल्याचेंही नसतें. अशा सूचना बंद करण्याची सोय जेथें आहे तें अ‍ॅप आम्ही अधिक पसंत करूं.

आतां नांवें घेऊन सांगावयाचें तर, अँड्रॉइड फोन असलेल्या विद्यार्थ्यानें प्रथम ओपनट्रॅक्स पाहावें असें आमचें मत आहे. तें मुक्त स्रोताचें असून त्यास खातें लागत नाहीं, त्यांत जाहिराती नाहींत, आणि मुख्य म्हणजे तें इंटरनेट वापरण्याची परवानगीच मागत नाहीं. सारी नोंद फोनांतच राहते. दिसावयास तें अगदीं साधें आहे, व नकाशावर रेघ पाहण्यास जोडीला दुसरें अ‍ॅप घ्यावें लागतें, हा त्याचा उणेपणा. नाइकी रन क्लब हें आयफोन व अँड्रॉइड या दोहोंवर वर्गणीवांचून मिळतें. त्यांत धांवतांना कानांत सूचना देणारे मार्गदर्शक आहेत, ते इंग्रजींतून बोलतात, आणि एकट्यानें धांवणाऱ्या नवख्या प्रौढास त्यांचा आधार वाटतो. रनकीपर २०१६ पासून आसिक्स या बूट करणाऱ्या कंपनीकडे आहे, आणि पूर्वीचें रनटॅस्टिक २०१५ सालीं आदिदासनें घेतलें. बूट विकणाऱ्यांनीं अ‍ॅपें कां विकत घ्यावीं हें चाणाक्ष वाचकांस सांगावयास नको. तरीही तीं वापरण्यास वाईट नाहींत. स्ट्राव्हाचें सामर्थ्य सोबतींत आहे : मित्रांच्या धांवा दिसतात, त्यांच्याशीं चुरस लागते. ज्यांचें वय अठरा झालें आहे व ज्यांनीं वर सांगितलेलीं कुलुपें लावलीं आहेत त्यांना तें लखलाभ असो. आठवी-नववींतील मुलांना त्याची शिफारस आम्ही करणार नाहीं.

ज्या पालकांस स्वतःच आरंभ करावयाचा आहे त्यांनीं अंतर मोजणारें अ‍ॅप न घेतां वेळ सांगणारें घ्यावें. १९९६ सालीं एका अमेरिकन तरुणानें नवख्यांसाठीं नऊ आठवड्यांचा एक क्रम आंखला, तो आज अनेक अ‍ॅपांत मिळतो. आठवड्यांतून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यांत पांच मिनिटें भरभर चालावें, मग साठ सेकंद हळू धांवावें, नव्वद सेकंद चालावें, आणि असें वीस मिनिटें करावें. पुढें धांव हळूहळू वाढते व अखेर पांच किलोमीटरांपर्यंत जाते. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें.

फोनच्या बाबतींत एक तक्रार नेहमीं ऐकूं येते : 'अर्ध्या वाटेनंतर रेघच नाहीं.' याचें कारण बहुधा असें कीं, पडदा बंद झाल्यावर बॅटरी वांचविण्यासाठीं फोन अ‍ॅपास झोंपवितो. फोनच्या सेटिंगमध्यें बॅटरीच्या भागांत जाऊन त्या एका अ‍ॅपावरचा निर्बंध काढून टाकावा, म्हणजे ही अडचण दूर होते. पावसाळ्यांत ओल्या बोटांना पडदा दाद देत नाहीं. आडोशाला उभें राहून नोंद सुरू करावी, पडदा बंद करावा आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून कमरेच्या पट्ट्यांत ठेवावा. हातांत धरून धांवूं नये. रस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन तर मुळींच घालूं नयेत. मागून येणाऱ्या गाडीचा आवाज जीपीएस सांगत नाहीं.

अ‍ॅप घेतल्यावर तें किती खरें बोलतें याची परीक्षा ज्यानें त्यानें करून पाहावी. जवळपास चारशें मीटरांची प्रमाणित धांवपट्टी असेल तर अगदीं आंतल्या पट्ट्यांतून पांच फेऱ्या घालाव्या. दोन हजार मीटर होतात. बाहेरच्या पट्ट्यांतून घालूं नयेत, कारण दुसऱ्या पट्ट्याची फेरी सुमारें ४०७ मीटर व आठव्याची ४५३ मीटर भरते. समजा, दहा मिनिटें लागलीं आणि अ‍ॅपानें २०८० मीटर दाखविले. खरा पेस पांच मिनिटांचा. अ‍ॅपाच्या हिशेबानें ४ मिनिटें ४८ सेकंद. म्हणजे तुमचें अ‍ॅप किलोमीटरमागें बारा सेकंदांची खोटी स्तुति करतें, एवढें वहींत लिहून ठेवावें. धांवपट्टी नसेल तर शाळेच्या पटांगणाची कड टेपनें मोजून घ्यावी. कोपऱ्यांवर खुणेचे दगड ठेवावे. टेप क्रीडाशिक्षकांच्या खोलींत आहे. शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर दोघां-तिघांनीं मिळून मागितली तर ती मिळेल.